तुमच्या एअर रायफलला मानवणारे पॅलेट कसे शोधावेत

रायफल तीच, नेमबाज तोच, पण पॅलेटची, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांची, डबी बदलली की लक्ष्याच्या कार्डावरची भोकं पसरतात. मुलं लगेच स्वतःच्या ट्रिगरला दोष देतात. आधी पॅलेट तपासा.

परदेशात शिकारीच्या रायफलीसाठी काडतुसं हाताने भरून अचूकता वाढवतात. आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, आणि नान्नजच्या माळावर माळढोक पाहिलेल्या सोलापूरकराला ती बंदी मनापासून पटते. १० मीटरवरून मारायच्या एअर रायफलीत काडतुसासारखं हाताने काही भरायचं नसतं. आपल्या हातात असते ती निवड. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दर दशांश गुणामागे अंतर पाव मिलिमीटरचं, त्यामुळे ही निवड थेट गुणांत दिसते.

पॅलेट ४.५ मिलिमीटरचे म्हणतात, पण डबीवर डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं वेगवेगळं छापलेलं असतं. दोन-तीन मापांच्या डब्या आणा आणि प्रत्येकीचा बॅच नंबर वहीत उतरवून घ्या. माप तेच असलं तरी बॅच बदलली की निकाल बदलू शकतो.

आता चाचणीसाठी रायफलीला टेकू. जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक तोंड शिवा, पाऊण भाग ज्वारी भरा आणि दुसरं तोंडही शिवून टाका. वाळू नको, गळून ट्रिगरमध्ये जाते. ज्वारी मात्र दाबली की खळगा धरून बसते. वर चादरीची घडी टाका आणि त्यावर रायफलीचा लाकडी पुढा (नळीखालचा भाग) टेकवा. नळी कुठेच टेकता कामा नये.

पॅलेट काचेवर हलकेच घरंगळू द्या. चांगला पॅलेट गोल वळण घेत एकसारखा फिरतो, घेर (मागची पोकळ कड) चेपलेला अडखळतो. माझी एक डबी महिनाभर स्कूटरच्या डिकीत खडखडत फिरली होती. भिंगाखाली पाहिलं, तर कितीतरी पॅलेटचे घेर एका बाजूने दबलेले. शिसं इतकं मऊ असतं. म्हणून डबीत वर स्पंजची चकती ठेवा, आणि पॅलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

नळी साफ केली असेल तर आधी वीसेक शॉट असेच मारा. मग प्रत्येक बॅचचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या भोकांचे पुंजके) घ्या, तेही आलटून पालटून, म्हणजे थकवा एकाच बॅचच्या वाट्याला येत नाही. पाच शॉटचा ग्रुप फसवतो. एप्रिल-मेमध्ये सकाळीच बसा, दुपारी चाळिशीपार उन्हात घामाने गालाची पकड सुटते. रायफलीच्या हवेच्या सिलिंडरचा दाबही अधूनमधून पाहा, फार उतरू देऊ नका.

मोजताना सर्वात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा. तिन्ही ग्रुपची सरासरी काढा. एखादाच सुंदर ग्रुप पाहून हुरळू नका, ज्या बॅचचे तिन्ही ग्रुप सारखेच लहान आले ती घ्या. त्याच नंबरच्या जमतील तितक्या डब्या घेऊन ठेवा, आणि त्या सरावात न संपवता स्पर्धेसाठी राखा.