वही मिटून करायचा अभ्यास

शाळेत रोज कोणीतरी विचारणारं असतं. गृहपाठ झाला का, धडा वाचला का? कॉलेजात हे विचारणं थांबतं आणि सेमिस्टरच्या शेवटी एकदम परीक्षेचं वेळापत्रक लागतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना मी आधी एकच गोष्ट सांगते: आता हे प्रश्न स्वतःच स्वतःला विचारायची सवय लावा.

ज्या दिवशी तास झाला त्याच दिवशी संध्याकाळी वही मिटायची, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहून काढायचं. मग वही उघडून सुटलेलं वेगळ्या रंगाने भरायचं. सुरुवातीला कागद बराच रिकामा राहतो. त्याने धीर सोडू नका. आपलं नेमकं कुठे अडतंय, हे त्या रिकाम्या जागाच दाखवतात. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचं झालं की ते आपल्याला येतंय असं वाटू लागतं. हा भ्रम फार चिवट असतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही उतारे पुन्हा वाचायला दिले आणि काही न बघता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेलं जास्त आठवत होतं. आठवड्याने तपासलं, तर आठवून लिहिलेलं जास्त टिकलं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून 'सगळं येतंय' असं का वाटतं, याचं उत्तर मला इथे मिळालं.

वहीची मांडणीही याच कामी लावा. पानाच्या डावीकडे अरुंद रकाना सोडा, उजवीकडे टिपणं घ्या आणि घरी आल्यावर त्या टिपणांवरचे प्रश्न डावीकडे लिहा. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी ही पद्धत रुजवली. उजळणी करताना उजवी बाजू झाकली की तयार प्रश्नपत्रिका समोर येते. ही उजळणी दुसऱ्या दिवशी, मग चार-पाच दिवसांनी, मग दोन-तीन आठवड्यांनी करावी. एका बैठकीत तीनदा केलेली उजळणी तितकी टिकत नाही.

आता तारखा. अभ्यासक्रम हातात आला की सगळ्या विषयांची सबमिशन, चाचण्या, तोंडी परीक्षा एकाच कॅलेंडरवर उतरवा. विषयवार वेगळ्या याद्या केल्या, तर एकाच आठवड्यात आलेली चार कामं शेवटपर्यंत दिसत नाहीत. कामाला लागणाऱ्या वेळाचा अंदाजही वाढवूनच धरा. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ५५ हून जास्त दिवस लागले. मी सरळ दीडपट वेळ धरते आणि स्वतःची मुदत खऱ्या मुदतीच्या तीन दिवस आधी ठेवते.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, झोप कापू नका. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत पाठांतराला चांगली आहे, पण लांबलचक सिद्धता किंवा प्रोग्रॅम लिहिताना पंचविसाव्या मिनिटाला उठणं मला पटत नाही. तिथे सलग तासभर बसा.

आणि अडलेलं साठवून ठेवू नका. शिक्षकांकडे जाताना प्रश्न जितका नेमका, तितकं उत्तर उपयोगी मिळतं. 'हे युनिट कळलं नाही' म्हटलं तर सरांनी सुरुवात कुठून करायची? त्याऐवजी स्वतः सोडवलेलं पान घेऊन जा आणि विचारा, 'सर, इथपर्यंत जमलं; या ओळीतून पुढची ओळ कशी आली?'