उपग्रहाचा क्लोरोफिल आणि बाटलीतला क्लोरोफिल: जोडी कशी लावायची

मी जहाजावर समुद्राचं पाणी गाळते आणि किनाऱ्यावर परतल्यावर त्यात मोजलेल्या क्लोरोफिलचे (सूक्ष्म वनस्पतींच्या हिरव्या रंगद्रव्याचे) आकडे उपग्रहाने समुद्राच्या रंगावरून काढलेल्या आकड्यांशेजारी मांडते. दोन्ही कामं एकाच हाताने केली की एक गोष्ट लवकर लक्षात येते. उपग्रहाच्या आकड्यांच्या पडताळणीचा निम्मा निकाल डेकवर, लॉगबुकातच लागलेला असतो. उरलेला निम्मा एका शिस्तीवर उभा असतो: बाटली आणि उपग्रह यांच्या आकड्यांची कुठली जोडी ठेवायची आणि कुठली टाकायची, याचे नियम आकडे बघण्याआधी लिहून काढायचे.

आधी हे काम इतकं नाजूक का, ते सांगते. उपग्रहाच्या संवेदकापर्यंत जो प्रकाश पोचतो, त्यातला साधारण 90 टक्के किंवा त्याहून जास्त वातावरणातून आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून परतलेला असतो. पाण्याच्या आतून आलेला भाग जेमतेम दहावा. संवेदकाच्या मोजमापात 1 टक्का चूक झाली तर निळ्या पट्ट्यात पाण्याच्या आकड्यात ती सुमारे 10 टक्के होऊन बसते. म्हणून तर हवाईच्या लनाई बेटाजवळ मोबी नावाचा बोया 1997 पासून तरंगत ठेवला आहे. त्याच्या मोजमापांवरून संवेदकांची घडी बसवतात, म्हणजे त्यांचे आकडे दुरुस्त करतात. इथेच एक पथ्य येतं: ज्या मोजमापांनी घडी बसवली, तीच पुन्हा पडताळणीला वापरायची नाहीत. रंगावरून क्लोरोफिल काढण्याचं सूत्र बसवताना वापरलेला क्लोरोफिलही तसाच वर्ज्य.

निघण्याआधी उपग्रह कधी डोक्यावरून जाणार ते काढून ठेवा. सेंटिनेल-3 सकाळी दहाच्या आसपास जातो, अ‍ॅक्वा उपग्रहावरचा मोडिस संवेदक मुळात दुपारी दीडच्या सुमारास जायचा, हे सगळं स्थानिक सौर वेळेनुसार. स्टेशन, म्हणजे जहाज थांबवून नमुना घेण्याचा मुक्काम, त्या वेळेच्या जवळ पाडता आलं तर पुढचं बरंच दुखणं वाचतं.

आता पाणी. बाटली भरली की लगेच गाळायला घ्या, आणि ओतण्याआधी हलक्या हाताने उलटसुलट करा, कारण पेशी तळाशी बसतात. प्रयोगशाळेतला दिवा मंद ठेवा. काचतंतूंचा 0.7 मायक्रोमीटरचा फिल्टर लावा, पंपाचा ताण पाऱ्याच्या 200 मिलिमीटरच्या आत ठेवा. त्यापेक्षा जोरात ओढलं तर पेशी फुटतात आणि रंगद्रव्य पाण्याबरोबर निघून जातं. किती पाणी गाळायचं हे समुद्र ठरवतो. निळ्याशार पाण्यात मी दोन ते चार लिटर गाळते, गढूळ खाडीच्या तोंडाशी कधी 200 मिलिलिटरही पुष्कळ होतात. फिल्टरवर फिकट हिरवट-तपकिरी छटा उमटली पण पाणी अजून सहज उतरतंय, तिथे थांबायचं. शेवटचा थेंब उतरला की पंप लगेच बंद. चिमट्याने फिल्टरची कड धरून रंगाची बाजू आत येईल अशी घडी घाला, वेष्टनावर आधी पेन्सिलीने लिहून ठेवलेला क्रमांक एकदा मोठ्याने वाचा आणि मग थेट द्रव नायट्रोजनमध्ये. एकाच पाण्याचे निदान दोन फिल्टर करा. त्या दोघांत जितका फरक येतो, तितका फरक उपग्रहाच्या माथी मारायचा नाही. समुद्रातल्या आकड्यालाही स्वतःची चूक असते, हे विसरून लोक त्याला सत्य मानतात आणि मला ते खटकतं.

पाण्यातून वर येणाऱ्या प्रकाशाचं मोजमाप डेकवरून करत असाल तर मापक पाण्याकडे उभ्या रेषेपासून 40 अंशांवर, सूर्याच्या दिशेपासून 135 अंश वळवून धरा. त्याच कोनात वर आकाश मोजा. पाण्याच्या आकड्यातून आकाशाच्या आकड्याचा ठरावीक हिस्सा वजा होतो. वारा सेकंदाला 5 मीटरच्या आत असेल तर तो 0.028 धरतात. जहाजाची सावली आणि फेस टाळा. आकाशाचा एक फोटो काढा. महिन्यांनी एखादा आकडा वेडावाकडा निघाला की तो फोटोच बोलतो.

वेळ मात्र जागतिक वेळेतच (UTC) लिहा. एका सफरीत मी जहाजाच्या घड्याळाची वेळ लिहीत होते. पूर्वेकडे जाताना मध्येच घड्याळ एक तास पुढे केलं गेलं, आणि परतल्यावर मी सगळ्या नोंदींतून एकच अंतर वजा केलं. प्रकाशमापकाचा आलेख काढला तेव्हा कळलं: निरभ्र दिवशी प्रकाश सर्वाधिक असायला हवा तो खऱ्या मध्यान्ही, आणि नवव्या दिवसापासून तो एक तास उशिरा दिसत होता. वेळेच्या मर्यादेबाहेरच्या दोन जोड्या आत शिरल्या होत्या, आतल्या तीन बाहेर गेल्या होत्या. तेव्हापासून रेखांशावरून मध्यान्ह काढून प्रत्येक निरभ्र दिवस तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. तुम्हीही हा ताळा करा, पाच मिनिटांचं काम आहे.

जोडी लावताना खुल्या समुद्रासाठी रूढ नियम असे: नमुना आणि उपग्रहाची फेरी यांत तीन तासांपेक्षा जास्त अंतर नको; स्टेशनभोवती 5 बाय 5 पिक्सेलचा चौकोन घ्यायचा; त्यातले निदान निम्मे पिक्सेल वापरण्याजोगे हवेत; आणि त्यांच्या आकड्यांचं प्रमाण विचलन भागिले सरासरी हे 0.15 च्या आत हवं. एक किलोमीटरचा पिक्सेल असेल तर तुमच्या एका बाटलीसमोर 25 चौरस किलोमीटर पाणी उभं राहतं. पाणी एकसारखं नसेल तर ती तुलनाच नव्हे. भरती-ओहोटीच्या किनारी पाण्यात तीन तास फार होतात, तिथे मी एक तास धरते आणि चौकोन 3 बाय 3 करते. ढग, चकाकी, जमीन, भटका प्रकाश यांचे फ्लॅग, म्हणजे फाइलमधल्या धोक्याच्या खुणा, लागलेले पिक्सेल वगळा. त्यानंतरही प्रतिमा उघडून डोळ्यांनी बघा. ढगाच्या कडेचा पिक्सेल फ्लॅगमधून निसटलेला मी अनेकदा पाहिला आहे. जहाजावरचं मापक चालू राहून एकाच पिक्सेलमध्ये शंभर नोंदी झाल्या असतील तर ती शंभर जोड्या नव्हेत, एक आहे.

412 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात उपग्रहाचं परावर्तन, म्हणजे पाण्यातून परतणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण, कधी ऋण येतं, विशेषतः गढूळ पाण्यावर किंवा धुळीच्या हवेत. वातावरणातून आलेल्या प्रकाशाची वजाबाकी जास्त झाल्याची ती खूण असते. असे आकडे गुपचूप काढून टाकले की उरलेली सरासरी आपोआप वर सरकते आणि उपग्रह आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. ते ठेवा. नियमात बसणारी पण न जुळणारी जोडीही ठेवा. ती काढण्याचं एकच कारण मान्य करा: जहाजावरच्या नोंदीत सापडलेला दोष. आणि तो दोष शोधायचा तर जुळणाऱ्या जोड्यांतही तितक्याच कसोशीने शोधा.

तुलना आधी परावर्तनाची करा, क्लोरोफिलची नंतर. क्लोरोफिल सहसा दोन पट्ट्यांतल्या परावर्तनाच्या गुणोत्तरावरून काढतात. दोन पट्ट्यांतल्या चुका एकाच दिशेच्या असल्या तर गुणोत्तरात त्या एकमेकींना झाकतात आणि चुकीच्या परावर्तनातून बरोबर क्लोरोफिल बाहेर पडतो. क्लोरोफिलचे आकडे घनमीटरमागे 0.05 मिलिग्रॅमपासून 10 च्या पुढे पसरतात, म्हणून आधी लॉग घ्या, मग उपग्रहातून बाटली वजा करून फरक. त्या फरकांची सरासरी काढून दहाच्या घातात परत न्या: 1.3 आलं तर उपग्रह साधारण 30 टक्के जास्त दाखवतोय. नुसत्या सहसंबंधावर विसंबू नका. उपग्रह सगळीकडे दुप्पट दाखवत असला तरी सहसंबंध उत्तमच येतो. खुल्या समुद्रात क्लोरोफिलसाठी 35 टक्क्यांच्या आतली चूक हे जुनं, सर्वमान्य लक्ष्य आहे.

प्रत्येक जोडीसोबत फाइलचं नाव, प्रक्रियेची आवृत्ती, क्लोरोफिल कुठल्या पद्धतीने मोजला ते आणि नाकारली असेल तर कुठल्या नियमाने, हे सगळं लिहा. उपग्रहाचा जुना साठा अधूनमधून नव्याने प्रक्रिया करून येतो आणि आकडे बदलतात. तेव्हा जुन्या फाइली बाजूला ठेवून नव्या उतरवा, नियमांना हात न लावता तीच आज्ञावली पुन्हा चालवा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघा कुठल्या जोड्या हलल्या.