ठराव व्हायच्या आधी कसं कळून घ्यायचं: नगरपरिषदेच्या गावात राहणाऱ्यांसाठी

आपल्या गावात नगरपरिषदेने काय ठरवलं हे आपल्याला कधी कळतं बघा. पाणीपट्टी वाढली हे बिल हातात पडल्यावर, रस्ता खोदणार हे जेसीबी दारात उभा राहिल्यावर, आणि घरपट्टीची नवीन आकारणी शेजारच्या काकांना नोटीस आल्यावर. पेपरात येते ती झालेल्या सभेची बातमी. तोवर ठराव मंजूर, सह्या झालेल्या, मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस कालवा आणि तिसऱ्या दिवशी गुड मॉर्निंग. मला याचं फार वाईट वाटतं, कारण आधी कळायची सोय आहे, फक्त ती कुणी वापरत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर, येवला, मनमाड, सटाणा, चांदवड, भगूर, इगतपुरी, त्र्यंबक, नांदगाव अशा नगरपरिषदेच्या गावांसाठी आहे, पण निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, पेठ, सुरगाण्याच्या नगरपंचायतींनाही बहुतेक सगळं तसंच लागू होतं कारण नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा कायदा एकच आहे, १९६५ चा.

पहिलं काम म्हणजे ज्याची तक्रार आहे ती गोष्ट कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा. निम्म्या तक्रारी इथेच मरतात. गावातला प्रत्येक रस्ता नगरपरिषदेचा नसतो. येवला-मनमाडमधून पुणे-इंदूर रस्ता जातो, तो राष्ट्रीय महामार्ग, त्यावरच्या खड्ड्याचं निवेदन नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना दिलं तर ते म्हणणार आमच्याकडे नाही, आणि खरंच त्यांच्याकडे नसतं. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, गावाबाहेर पडलं की जिल्हा परिषदेचे. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर नगरपरिषद, पण तार लोंबकळत असेल, डीपीतून ठिणग्या उडत असतील तर महावितरण, त्याला १९१२ वर फोन. त्र्यंबकला तर सध्या २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, त्यात नगरपरिषद आहे, बांधकाम विभाग आहे, वर कुंभमेळा प्राधिकरणही आलंय, त्यामुळे तिथल्या लोकांनी तर आधी कामाच्या जागेवरचा फलकच वाचावा. फलकावर कामाचं नाव, निधी कुठला, ठेकेदार कोण, मुदत किती हे असायला हवं. फलक नसेल तर फलक का नाही हीच पहिली तक्रार.

पाण्याचं जरा नीट समजून घ्या, कारण आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त भांडणं पाण्यावरून. येवल्याचा साठवण तलाव पालखेड धरणाच्या डाव्या कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे कालव्याला पाळीपाळीने सोडलेल्या पाण्यावर भरतो, मनमाडची वर्षानुवर्षं वागदर्डी धरणावर मदार राहिली आणि त्या धरणालाही पालखेडच्या आवर्तनाचा आधार. म्हणजे नळाला पाणी उशिरा येतंय याची कारणं दोन असू शकतात आणि ती वेगळी आहेत. एक, आवर्तनच लांबलं, तलावात साठा नाही. हे जलसंपदा विभाग, कालवा सल्लागार समिती, जिल्हाधिकारी या पातळीवरचं, तिथे आमदारांना आणि नगराध्यक्षांना पुढे घालावं लागतं. दुसरं, साठा आहे पण वाटप असमान आहे, एका गल्लीला दोन तास आणि पुढच्या गल्लीला वीस मिनिटं. हे पूर्णपणे नगरपरिषदेचं, पाणीपुरवठा विभाग आणि व्हॉल्व्हमन. दोन्ही एकाच निवेदनात कालवून दिलं की उत्तर पहिल्याचं येतं, साहेब धरणातच पाणी नाही, आणि दुसरं तसंच राहतं.

वाटपाची तक्रार असेल तर नोंदी ठेवा. काही नाही, प्रत्येक गल्लीतल्या एका घराने वहीत तारीख, पाणी आलं किती वाजता, गेलं किती वाजता, वरच्या मजल्यावर चढलं का, एवढं लिहायचं. दोन-तीन पाळ्यांच्या नोंदी झाल्या की शेजारी शेजारी ठेवून बघा. आमच्याकडे अशा नोंदी ठेवल्या तेव्हा दिसलं की टाकीपासून लांबच्या गल्लीला पाणी सोडायची वेळ कागदावर सारखीच होती, पण जवळच्या गल्लीत मोटारी लागल्या की पुढे प्रेशरच पोचत नव्हतं. मग आम्ही व्हॉल्व्हमनशी भांडलो नाही, दोन गल्ल्यांच्या वेळा वेगवेगळ्या करा एवढंच मागितलं आणि ते झालंही. बायकांनी ठेवलेल्या नोंदी याबाबतीत सगळ्यात भरवशाच्या असतात, पाणी भरायला त्याच उठतात.

आता निवेदन. एका निवेदनात एकच विषय. आमच्या प्रभागातील विविध समस्या असं शीर्षक असलेलं निवेदन मी आजवर फळाला आलेलं पाहिलं नाही, कारण ते कुठल्या टेबलावर पाठवायचं हेच कळत नाही. गटारीचं आरोग्य-स्वच्छता विभागाकडे, दिव्याचं विद्युत विभागाकडे, रस्त्याचं बांधकाम विभागाकडे, प्रत्येकाचं वेगळं पान. वर मुख्याधिकाऱ्यांचं पद लिहा, नाव नको, नावं बदलत राहतात. जागा नेमकी लिहा, अमुक मंदिरापासून तमुक दुकानापर्यंत, साधारण किती फूट. फोटो जोडा, मागे तारीख टाका. आणि मागणी एका वाक्यात, योग्य ती कार्यवाही व्हावी असं लिहू नका, कारण योग्य काय ते मग तेच ठरवतात. गटारीचं तुटलेलं ढापं बदलून मिळावं असं लिहा.

देताना दोन प्रती न्या. एक आवक-जावकच्या टेबलावर द्यायची, दुसरीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. साहेबांच्या हातात दिलं, फोटो काढला, पेपरला छापून आला, याला पोच म्हणत नाहीत. क्लार्क म्हणेल ठेवून जा, शिक्का नंतर मारतो. शांतपणे तिथेच थांबा. या एका शिक्क्यावर पुढचं सगळं उभं आहे, पंधरा दिवसांनी तुम्ही जाता तेव्हा माझ्या अर्जाचं काय झालं असं नाही विचारायचं, आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक, हा कोणत्या टेबलावर आहे असं विचारायचं. फरक तुम्हालाच जाणवेल. ऑनलाइन करायचं तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकता येते, तिथला टोकन नंबर जपून ठेवा. नाशिक शहरात राहणाऱ्यांना महापालिकेचे सहा विभाग आहेत, तुमचं विभागीय कार्यालय कोणतं ते बघून तिथेच पोच घ्या, थेट मुख्यालयात, राजीव गांधी भवनला चकरा मारायची दर वेळी गरज नाही.

दाखल्यांचं वेगळं आहे हेही सांगते. जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी, या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. किती दिवसांत द्यायच्या याचा बोर्ड ऑफिसात लावलेला असायला हवा. मुदत उलटली की तिथल्याच वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि विनाकारण उशीर करणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. यासाठी कुणाच्या ओळखीची गरज नाही, एजंटची तर अजिबात नाही.

आता मुख्य मुद्दा, सभा. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेच्या आधी विषयपत्रिका निघते, ती नगरसेवकांना जाते. त्यात एकेक ओळीचे विषय असतात आणि त्यातच आपलं सगळं भवितव्य असतं. पाणीपट्टीच्या दराबाबत विचारविनिमय करणे. एवढी साधी ओळ दिसते, पण त्याचा अर्थ दर बदलणार. अमुक सर्व्हे नंबरमधील आरक्षणाबाबत, म्हणजे मैदान जाणार का बघा. आयत्या वेळचे विषय, म्हणजे यादीत नसलेलं काहीही येऊ शकतं, तर त्यावर जास्त लक्ष. ही विषयपत्रिका तुमच्या नगरसेवकाकडे मागा. आता नगरपरिषदेत दर प्रभागात साधारण दोन नगरसेवक आहेत आणि नगराध्यक्ष थेट निवडून आलेले आहेत, म्हणजे किमान तीन माणसांनी तुमच्याकडे मत मागितलंय. दादा, ताई, पत्रिकेचा फोटो प्रभागाच्या ग्रुपवर टाका एवढीच विनंती करायची. एक नाही म्हणाले तर दुसऱ्यांना. बऱ्याच वर्षांनी, २०२५ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर, सभागृहात लोकांनी निवडलेली माणसं बसली आहेत, त्याआधी प्रशासक होते आणि विचारायलाच कुणी नव्हतं, तर ही संधी वापरा.

विषय कळला की सभेच्या आधी, परत सांगते आधी, त्या विषयाचं नाव घालून एक पान निवेदन द्या. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि आपले नगरसेवक तिघांना. नगरसेवकाला नुसतं विरोध करा सांगून भागत नाही, त्यांच्या हातात आकडा द्या. गेल्या वर्षी पाणीपट्टीची मागणी किती होती, वसुली किती झाली, योजनेचं वीजबिल किती, हे विचारा असं लिहून द्या. तयारी केलेला प्रश्न कुणीही सभागृहात विचारतं, त्यात त्यांचाही मान वाढतो. आणि मत नोंदवायचं असेल तर सभेच्या इतिवृत्तात नाव घालून विरोध नोंदवा असा आग्रह धरा, नाहीतर सर्वानुमते मंजूर असं छापून येतं.

बजेट असंच. वर्ष संपायच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास अंदाजपत्रकाची जुळवाजुळव चालते, आपल्या गल्लीची मागणी तेव्हा पोचली पाहिजे. मे महिन्यात गटार मागितली तर निधी नाही हे उत्तर खरंच असतं. निधीही सगळा सारखा नसतो, वित्त आयोगाच्या पैशातला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो, तो चौकाच्या सुशोभीकरणावर वळवता येत नाही. त्यामुळे मागणी करताना कोणत्या निधीतून शक्य आहे हे लेखा विभागात आधी विचारून घ्या, सांगतात.

घरपट्टीच्या नवीन आकारणीची नोटीस आली की त्यावर हरकतीची मुदत लिहिलेली असते. मुदतीत हरकत द्या, मग सुनावणी होते. तिथे घराचं मोजमाप, बांधकामाचं वर्ष, भाड्याने दिलंय की स्वतः राहता हे तपासा, चुका बहुतेक याच तीन ठिकाणी असतात. मुदत गेली की नुसतं ओरडून उपयोग नाही, आणि थकबाकीवर दर महिन्याला शास्ती, म्हणजे दंड, चढतो तो वेगळाच.

आता एवढं करूनही उत्तर नाही, तर माहिती अधिकार. नमुना अ चा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. का केलं नाही असं विचारू नका, का ला माहिती म्हणत नाहीत. कागद मागा. आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खोदला आणि वरवर माती टाकून सोडला, पावसाळ्यात दुचाक्या घसरायला लागल्या, तेव्हा आम्ही साधारण असं लिहिलं होतं:

“अमुक रस्त्यावरील पाइपलाइनच्या कामाचा कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, रस्ता पूर्ववत करण्याबाबतची अट आणि दोष दायित्व कालावधी नमूद असलेल्या कागदांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.”

त्या कागदात रस्ता पूर्ववत करणं ठेकेदाराच्याच कामात धरलेलं निघालं, त्याचे पैसेही धरलेले. मग नव्याने निधी मागायचा प्रश्नच उरला नाही, अटीचं पान जोडून एक निवेदन दिलं आणि खडी-डांबर पडलं. म्हणून दोष दायित्व कालावधी हे शब्द लक्षात ठेवा, नवीन रस्ता वर्षभरात उखडला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने करायचा असतो, आणि ही मुदत संपायच्या आत मागावं लागतं.

उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत तिथल्याच अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. तिथे वेळ लागतो हे धरून चाला, पण बऱ्याचदा पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच कागद हातात पडतात. चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तरी घाबरू नका, पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या नोटिशीबद्दल एकच, त्यावर जावक क्रमांक, तारीख आणि सही आहे का बघा, वर्ष नीट वाचा. जुनं पाणीकपातीचं पत्र दर उन्हाळ्यात परत फिरतं आणि लोक टँकर बुक करून मोकळे होतात. खात्री होईपर्यंत पुढे पाठवू नका.

आणि नगरपरिषदेत काहीच हललं नाही तर लोकशाही दिन. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांसमोर. आधी तालुक्याला जा, तिथलं टोकन असलं की जिल्ह्यात विचारतात. कोर्टात असलेली प्रकरणं तिथे घेत नाहीत. नाशिकला जिल्हाधिकारी कार्यालयात नगरपालिका प्रशासनाची वेगळी शाखा आहे, सीबीएस बसस्थानकावर उतरलं की चालत जाता येतं, तिथेही एक प्रत देऊन पोच घेऊन या. जाताना सगळे शिक्के असलेले कागद तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा, वरती एका पानावर कधी काय दिलं आणि काय उत्तर आलं याची यादी. तिथे बोलायला दोन मिनिटं मिळतात, ती गोष्ट सांगण्यात घालवू नका, यादीचं पान पुढे ठेवा आणि कोणत्या तारखेपर्यंत काम होईल एवढंच विचारा.