फ्लायच्या गळासाठी गाठ कशी निवडावी

दिवाळीनंतर मलप्रभेचे पाणी निवळले, की खानापूरच्या आसपास काठावर गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. कणकेची गोळी लावून मासा धरणाऱ्याला जाड तंगुसावर कशीबशी मारलेली निरगाठही चालून जाते. परंतु पिसांची हलकी माशी, म्हणजे फ्लाय, फेकायची असेल तर दोरी जाडाकडून बारकाकडे टप्प्याटप्प्याने उतरत जाते आणि प्रत्येक जोडाला निराळी गाठ लागते. त्यामुळे मासा कोणता, यापेक्षा काय कशाला जोडायचे आहे, हे आधी पाहावे.

फ्लायच्या नेढ्यात टिपेट, म्हणजे टोकाचा सर्वांत बारीक दोरा, बांधण्यासाठी सुधारित क्लिंच गाठ पुरेशी आहे. टोक नेढ्यातून ओवून मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्यावेत, ते नेढ्यालगतच्या फटीतून काढावे आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा ओवावे. आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करावी, कारण कोरडा नायलॉन घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मार्कंडेयच्या काठी मी एकदा घाईत गाठ अर्धवट आवळली आणि पहिल्याच हिसक्याला फ्लाय गेली. हातात आलेले टोक डुकराच्या शेपटीसारखे कुरळे होते. टोक असे कुरळे असेल तर गाठ सरकली, असे समजावे.

लीडरला, म्हणजे जाड फ्लाय लाइन आणि टिपेट यांच्यामधल्या निमुळत्या दोऱ्याला, टिपेट जोडताना जाडी पाहावी. टिपेटच्या रिळावरचा एक्सचा आकडा ११ मधून वजा केला, की जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मिळते. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. दोन्ही दोरे जवळपास सारखे असतील तर ब्लड गाठ सुबक बसते. जाडीत बराच फरक असेल तर सर्जन गाठ घ्यावी : दोन्ही दोरे वीतभर एकमेकांशेजारी धरून त्यांचा मिळून एक फास करावा, त्यातून लीडरचे टोक आणि अख्खे टिपेट दोनदा काढावे आणि चारही टोके एकदम ओढावीत. थंडीत बोटे आखडली असताना मी हीच मारतो.

जाड फ्लाय लाइनला लीडर जोडणारी नेल गाठ मात्र घरीच, चांगल्या उजेडात, बारीक नळीच्या आधाराने मारून ठेवावी. नदीकाठी ती सहसा नीट जमत नाही.