प्रिय ठिकाणी रक्षाविसर्जन : आधी ठिकाण समजून घ्यावे

पंडित जवाहरलाल नेहरू यांनी जून १९५४ मध्ये लिहिलेल्या मृत्युपत्रात आपल्या रक्षेची वाटणी स्वतःच करून ठेवली होती. मूठभर रक्षा अलाहाबादला गंगेत सोडावी आणि उरलेली बहुतांश विमानातून, जिथे शेतकरी राबतात त्या शेतांवर विखरावी, अशी त्यांची इच्छा होती. गंगेची निवड धार्मिक हेतूने केलेली नसून लहानपणापासूनच्या ओढीने केली आहे, हेही त्यांनी त्यात नोंदवले होते. इतके स्पष्ट लिहून ठेवणारी माणसे थोडी. बहुतेक घरांत ‘मला कुठे लांब नेऊ नका, आपल्या आमराईतच ठेवा’ असे बोलता बोलता म्हटलेले एखादे वाक्य मागे उरलेले असते, आणि ते पाळायचे कसे, हा प्रश्न सावडण्याच्या दिवशी घाईघाईत समोर येतो.

खरे तर निम्मा निर्णय सावडतानाच होतो. लाकडाच्या चितेनंतर दोन वेगळ्या गोष्टी हाती येतात : अस्थींचे तुकडे, आणि लाकडाची राख मोठ्या प्रमाणात मिसळलेली रक्षा. या दोन्ही पहिल्यापासूनच वेगवेगळ्या भांड्यांत ठेवाव्यात. अस्थी परंपरेप्रमाणे नाशिकच्या रामकुंडावर, नरसोबाच्या वाडीला किंवा घराण्याच्या रीतीप्रमाणे जिथे नेत असतील तिथे न्याव्यात आणि रक्षा प्रिय ठिकाणासाठी राखून ठेवावी. घरातल्या वडीलधाऱ्यांचा ‘हे भलतेच काय’ असा विरोध या वाटणीने बहुतेक वेळा मावळतो. दुसरे कारण व्यवहाराचे आहे : हाडांचे तुकडे जमिनीवर विरघळून जात नाहीत. ते दिसत राहतात, कुत्री ओढून नेतात आणि नंतर तिथे येणाऱ्या अनोळखी माणसाला धक्का बसतो. त्यामुळे उघड्यावर विखरायची ती बारीक रक्षाच. तीही आधी चाळून घ्यावी, कारण शस्त्रक्रियेत बसवलेले स्क्रू, पट्ट्या आणि लाकडातले खिळे तिच्यात सापडतात.

निर्णय लगेच होत नसेल तर घाई करण्याचे कारण नाही. अस्थी घरात आणू नयेत अशी रीत असल्याने पुष्कळ ठिकाणी कलश झाडाला टांगून ठेवतात, आणि शहरांतल्या अनेक स्मशानभूमींत त्यासाठी कपाटांची सोय असते. कोरडी रक्षा फडके बांधलेल्या मडक्यात कितीही दिवस राहते. दहाव्याच्या विधीआधी विसर्जन व्हावे असा आग्रह असेल तर अस्थी त्या मुदतीत न्याव्यात; रक्षेसाठी पाऊस सरण्याची किंवा परदेशातून येणाऱ्या मुलीची वाट पाहता येते.

ठिकाण ठरवण्यापूर्वी रक्षा म्हणजे नेमके काय, हे समजून घेतलेले बरे. तिच्यात हाडांतले कॅल्शियम फॉस्फेट आणि लाकडाच्या राखेतले क्षार असतात, आणि ती चांगलीच अल्कधर्मी असते. ‘राख म्हणजे खतच’ या समजुतीने ती रोपाच्या बुंध्याशी ओतली, तर मुळे करपतात आणि आठवण म्हणून लावलेले झाड महिन्या-दोन महिन्यांत वाळते. घरच्यांना ते दुसऱ्यांदा झालेल्या मृत्यूसारखे लागते, म्हणून झाडाच्या बाबतीत थोडी जास्त काळजी घ्यावी.

शेतात किंवा अंगणात झाड लावायचे असेल तर दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा घ्यावा. तळाशी पालापाचोळा आणि शेणखत घालून, रक्षेच्या दोन-चार मुठी भरपूर मातीत नीट कालवून खालच्या थरात टाकाव्यात आणि वर स्वच्छ मातीचा जाड थर देऊन मगच रोप लावावे. कोकणातली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी असल्याने ती रक्षा सहज सामावून घेते. देशावरची काळी माती बहुधा आधीच अल्कधर्मी असते, तिथे प्रमाण आणखी कमी ठेवावे. उरलेली रक्षा एकाच जागी न टाकता पिके निघालेल्या रानात नांगरटीपूर्वी दूरवर फेकावी. अनेक गावांत नदीऐवजी शेतातच रक्षाविसर्जन करून झाड लावण्याची पद्धत रुजली आहे, त्यामुळे आपण काही जगावेगळे करतो आहोत असे वाटून घेण्याचे कारण नाही. जमीन विकण्याचा विचार चालू असेल तर मात्र हा बेत करू नये. परक्याच्या बांधावर उभे असलेले आईचे झाड रोज मनाला टोचत राहते.

समुद्र निवडला असेल तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक महत्त्वाचे. भरतीच्या वेळी किनाऱ्यावरून टाकलेली रक्षा लाटेबरोबर पायाशी परत येते आणि सगळ्यांचीच पंचाईत होते. पूर्ण भरतीनंतर पाणी ओसरू लागले की, कमरेइतक्या पाण्यात न जाता, घोट्याइतक्या पाण्यात उभे राहून ती हळूहळू सोडावी. दुसरा मार्ग असा : ओहोटीला ओल्या वाळूत लांबट चर काढावा, त्यात रक्षा भरून वाळू सारखी करावी आणि पुढच्या भरतीला तिचे काम करू द्यावे. म्हाताऱ्या माणसांना यात सहभागी होता येते, म्हणून मला हा मार्ग अधिक आवडतो. होडीने जायचे असेल तर १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत नाखव्याला गळ घालू नये.

नदीबाबत एवढेच पाहावे की पाणी वाहते आहे आणि आसपास पाणी उपसण्याची विहीर किंवा जॅकवेल (नळपाणी योजनेसाठी नदीचे पाणी उचलणारी विहीर) नाही. धरणाचा जलाशय कितीही प्रिय असला तरी टाळावा. खडकवासल्याच्या काठावर कुणाची संध्याकाळ रमत असेल, पण तेच पाणी पुण्याच्या नळांना येते.

गडकोटांवर जीव लावणाऱ्या माणसांचे नातेवाईक रायगडाचे किंवा राजगडाचे नाव घेतात. गड संरक्षित असेल तर संबंधित पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात आधी विचारावे. कोणत्याही परिस्थितीत टाक्यांत रक्षा टाकू नये, कारण त्यांतले पाणी गिर्यारोहक पितात. देवळापुढचा चौथरा, सदर, समाधी हेही टाळावे. माझ्या मते पायथ्याच्या वाटेवर, जिथे ती व्यक्ती दरवेळी थांबून मागे राहिलेल्यांची वाट पाहत असे अशा एखाद्या कातळाजवळ चिमूटभर रक्षा मातीत मिसळणे, हे बालेकिल्ल्यावरच्या सोहळ्यापेक्षा अधिक खरे असते. कासच्या पठारावर मात्र चिमूटही नको. तिथे जांभ्यावर मातीचा अगदी पातळ थर आहे, आणि सीतेची आसवे किंवा दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती त्या निकृष्ट मातीमुळेच तिथे टिकून आहेत. फॉस्फेटयुक्त राख त्यांच्या मुळावर येईल. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते.

परदेशातल्या दाहिनीत अस्थी यंत्राने दळून देतात, त्यामुळे प्रौढ माणसाची साधारण दोन-तीन किलो भुकटी मिळते आणि अस्थी-रक्षा असा भेद उरत नाही. ती सरळ वाटून घ्यावी. भारतात आणायची असेल तर मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, आणि क्ष-किरण तपासणीत आतले दिसेल असा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा डबा सोबत असावा. धातूचा कलश घरी ठेवावा. विमान कंपनीला आणि आपल्या वकिलातीला तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे. तिथेच विसर्जन करायचे असल्यास नियम देशागणिक बदलतात : अमेरिकेत समुद्रात विसर्जन किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैलांवर करावे लागते आणि तीस दिवसांच्या आत पर्यावरण संस्थेला कळवावे लागते, तर इंग्लंडमध्ये नदीत रक्षा सोडायला परवाना लागत नाही.

प्रत्यक्ष वेळी वारा कोणत्या दिशेचा आहे ते चिमूटभर माती सोडून पाहावे. वाऱ्याकडे पाठ करून, गुडघ्याच्या उंचीवरून, थोडी थोडी रक्षा सोडावी. उंचावरून उधळलेली बारीक भुकटी डोळ्यांत आणि कपड्यांवर येते. लहान वाट्यांत आधीच वाटून ठेवली तर कलश कुणी धरायचा यावरून कुचंबणा होत नाही, आणि सुना-मुली मागे उभ्या राहत नाहीत. मंत्र, अभंग, त्या माणसाचे आवडते गाणे किंवा नुसती शांतता, जे घराला मानवेल ते असू द्यावे. फुलांच्या फक्त पाकळ्या घ्याव्यात. हार, दोरा, फोटो, प्लॅस्टिकची पिशवी तिथे राहू देऊ नये. मातीचे मडके फोडून शेतात पुरता येते, पण तांब्याचा कलश पाण्यात न सोडता परत आणून, धुऊन, घरच्यांच्या मनाला पटेल त्या कामाला लावावा. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी जागेची नेमकी खूण, तारीख आणि तिथवर जाण्याची वाट त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावी.