लेट्स एन्क्रिप्टचं फुकट एचटीटीपीएस सर्टिफिकेट एनजिनएक्स वेब सर्व्हरवर कसं बसवायचं
आधी डोमेनचा ए रेकॉर्ड (डोमेन कुठल्या आयपीवर जातं ती नोंद) तुमच्याच सर्व्हरच्या आयपीवर आहे ना ते बघा आणि पोर्ट ८० उघडा ठेवा, बरेच जण फक्त ४४३ (एचटीटीपीएसचा पोर्ट) उघडतात आणि मग अडकतात, कारण डोमेन तुमचंच आहे का ही तपासणी या पद्धतीत ८० वरूनच होते. मग सर्टबॉट, म्हणजे सर्टिफिकेट आणून देणारं टूल, टाका, एनजिनएक्सच्या प्लगइनसकट, कॉन्फिग तोच बदलून देतो.

हाताने करणार असाल तर एनजिनएक्सला फुलचेन.पेम (तुमचं आणि मधलं, दोन्ही सर्टिफिकेट असलेली) हीच फाइल द्या हं! नुसती सर्ट.पेम (फक्त तुमचं सर्टिफिकेट) दिली तर ब्राउझरमध्ये बऱ्याचदा सगळं नीट दिसतं पण कर्ल (कमांडवरून साइट उघडणारं टूल) नाहीतर मोबाइल अ‍ॅप एरर देतं, कारण तुमच्या सर्टिफिकेटला मूळ विश्वासू सर्टिफिकेटशी जोडणारं मधलं इंटरमीडिएट सर्टिफिकेट त्यांना मिळतच नाही. प्रिव्हकी.पेम, म्हणजे तुमची गुप्त किल्ली, मात्र कुणालाच पाठवायची नाही, सपोर्टवाल्यालाही नाही.

सर्टिफिकेट ९० दिवसच चालतं, म्हणून नूतनीकरण नीट होतं का ते बघायला सर्टबॉट रिन्यू ही कमांड ड्राय-रन (नुसती चाचणी) लावून आजच चालवून बघा.