उच्चारचिन्हं साध्या कीबोर्डवरून

बोलीभाषेच्या नोंदी पाठवल्या की आंतरराष्ट्रीय उच्चारचिन्हांच्या जागी समोरच्याला नुसते चौकोन दिसतात. त्यावर उपाय म्हणजे एक्स-सॅम्पा, म्हणजे तीच उच्चारचिन्हं साध्या अक्षरांत लिहायची पद्धत. यातली सगळी चिन्हं साध्या इंग्रजी कीबोर्डवर आहेत.

१. ट, ड, ण, ळ : टी, डी, एन, एल यांच्यापुढे ` (आकडा १ च्या डावीकडची कळ).
२. दीर्घ स्वराला कोलन (:) आणि महाप्राणाला (ख, थ, भ यांसारख्या) _ व लहान एच. ऱ्हस्व अ म्हणजे @.
३. मराठीचे दोन च मात्र जपून लिहा. ‘चिंचवड’मध्ये दोन्ही सापडतात. पहिला तालव्य, म्हणून टी आणि कॅपिटल एस; दुसरा दंत्य, म्हणून टी आणि लहान एस. देवनागरीत हा फरक दिसतच नाही, इथे तो आपोआप नोंदला जातो.

‘बाणेर’ असा होईल : बी, ए, :, एन, `, ई, आर.

एक्सेलमध्ये आधी रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर ‘अप्पा बळवंत चौक’ लिहायला @ टाकलात की एक्सेल ते सूत्र समजून अडतं. ऑटोकरेक्टही बंदच ठेवा, कारण वाक्यारंभी लहान एसचा कॅपिटल झाला की ‘स’चा ‘श’ होतो आणि ही चूक नंतर नजरेला पडत नाही.